हे जंतुनाशक बुरशी मारते का? यीस्ट आणि बुरशीवरच्या चाचण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंतुनाशके तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बसले की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही फिनेल बनवणाऱ्या छोट्या कारखानदारांकडून, काही रुग्णालयाच्या स्वच्छता विभागाकडून, काही बेकरी आणि औषध कंपन्यांकडून, तर काही घरातली भिंत काळी पडली म्हणून वैतागलेल्या माणसांकडून. उत्तरे फोनवर घाईत देण्याजोगी नसतात, म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत.

बाटलीवर '९९.९% जंतू मारते' असे छापले आहे. मग बुरशीही मरत असणारच ना?

नाही, तसे धरून चालू नका. तो आकडा बहुतेक वेळा एक-दोन जिवाणूंवरच्या चाचणीतून आलेला असतो. बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा मोठी, तिची भिंत वेगळ्या घडणीची आणि तिचे बीजाणू अधिक चिवट. जे रसायन इ. कोलाय या जिवाणूला मिनिटभरात संपवते तेच ॲस्परजिलस या बुरशीच्या बीजाणूंवर (ज्यांतून नवी बुरशी उगवते ते सूक्ष्म कण) तासभर ठेवले तरी निष्प्रभ ठरू शकते. लेबलवर 'बुरशीनाशक' असे स्पष्ट लिहिलेले आहे का आणि त्यामागे कोणत्या चाचणीचा अहवाल आहे, हे दोन्ही पाहावे लागते. 'जंतू' हा शब्द मराठीत फार ढिला आहे. त्यात सगळेच बसते, आणि विकणाऱ्याला ते सोयीचे पडते.

'यीस्टनाशक' आणि 'बुरशीनाशक' असे दोन वेगळे दावे कशाला? यीस्ट म्हणजेही बुरशीच की.

वर्गीकरणाने यीस्ट बुरशीच, पण मरण्याच्या बाबतीत दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅन्डिडासारखे यीस्ट म्हणजे एकेकटी, ओलसर, जिवंत कामकाज चालू असलेली पेशी. ती मारणे तुलनेने सोपे. ॲस्परजिलसचा बीजाणू म्हणजे प्रवासाला निघालेले कोरडे बी. त्याच्या भिंतीत मेलॅनिनसारखे काळे रंगद्रव्य असते आणि वरून पाणी झटकून टाकणारा प्रथिनांचा थर असतो. लोणच्यावर किंवा भाकरीच्या तुकड्यावर काळी-हिरवी पूड दिसते ना, ती फुंकली की उडते पण पाण्यात सहज भिजत नाही. जे पाण्यालाच आत येऊ देत नाही ते पाण्यात विरघळलेल्या औषधालाही सहज आत घेत नाही.

म्हणून युरोपीय चाचणी-पद्धतींत नियम असा आहे: फक्त कॅन्डिडा मेली तर दावा 'यीस्टनाशक' एवढाच. कॅन्डिडा आणि ॲस्परजिलस दोन्ही मेले तरच 'बुरशीनाशक' म्हणता येते. आमच्याकडे येणारी बरीच उत्पादने पहिली पायरी चढतात आणि दुसरीवर अडकतात.

चाचणीत नेमके कोणते जीव वापरतात? आमच्या जुन्या अहवालात ॲस्परजिलस नायगर आहे, नव्यात ब्रासिलिएन्सिस. प्रयोगशाळेने जीव बदलला का?

जीव तोच आहे, नाव बदलले. एटीसीसी या अमेरिकी जीवसंग्रहातला १६४०४ या क्रमांकाचा हा वाण वर्षानुवर्षे ॲस्परजिलस नायगर म्हणून वापरला जात होता. २००७ मध्ये ॲस्परजिलस ब्रासिलिएन्सिस ही वेगळी प्रजाती म्हणून वर्णन केली गेली आणि हा वाण तिच्यात बसतो असे ठरले. क्रमांक जुळत असेल तर दोन्ही अहवालांत एकच बुरशी आहे. यीस्टसाठी कॅन्डिडा अल्बिकन्स, एटीसीसी १०२३१.

वाण कुठूनही उचलून चालत नाही. तो मान्यताप्राप्त संग्रहातून यावा लागतो. आपल्याकडे चंडीगडचा एमटीसीसी आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम हे त्यातले जुने संग्रह. आणलेला वाणही प्लेटवरून प्लेटवर वर्षभर उतरवत राहिलात तर त्याचा स्वभाव बदलत जातो. म्हणून मूळ साठ्यापासून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचेच कल्चर चाचणीला घेतात.

चाचणी प्रत्यक्षात कशी होते? प्लेटवर औषध टाकून बघता का?

मुख्य चाचणी द्रवात होते, तिला सस्पेन्शन चाचणी म्हणतात. अन्नप्रक्रिया, उद्योग आणि घरगुती वापराच्या उत्पादनांसाठी ईएन १६५० आणि वैद्यकीय क्षेत्रासाठी ईएन १३६२४ ही तिची युरोपीय मानके. गाभा दोन्हींचा सारखाच आहे.

आधी जीव तयार करायचा. कॅन्डिडा एक-दोन दिवसांत होते. ॲस्परजिलसला माल्ट अर्क अगारवर (जीव वाढवण्यासाठी प्लेटमध्ये ओततात ती जेली) ३० अंशांना सात ते नऊ दिवस वाढवावे लागते, म्हणजे बीजाणू पूर्ण पिकतात. मग ०.०५% पॉलिसॉर्बेट ८० (साबणासारखे भिजवणारे द्रव्य) घातलेल्या पाण्याने ते खरवडून, काचेच्या मण्यांबरोबर हलवून सुटे करायचे आणि गाळायचे, म्हणजे तंतूंचे तुकडे मागे राहतात. पॉलिसॉर्बेट नसेल तर बीजाणू पाण्यावर तवंगासारखे तरंगतात आणि गुठळ्या होतात. गुठळीच्या आतल्या बीजाणूपर्यंत औषध पोचतच नाही. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे: तंतू राहिले नाहीत ना, कोणी अंकुरले नाही ना, आणि निदान ७५% बीजाणूंच्या अंगावर काटे दिसतात ना. काटे म्हणजे पिकल्याची खूण. गुळगुळीत, कोवळे बीजाणू पटकन मरतात. ते घेतले तर औषध आहे त्यापेक्षा जोरकस दिसते. घाईच्या कामात नेमकी हीच पायरी गळते, आणि अहवालावर तिचा मागमूसही राहत नाही.

पुढचे काम साधे दिसते. एका नळीत १ मिलि 'घाण' (तिच्याबद्दल खाली लिहिले आहे), त्यात १ मिलि जीवांचे सस्पेन्शन, दोन मिनिटे थांबायचे, मग ८ मिलि जंतुनाशक. घड्याळ सुरू. ठरलेली वेळ संपली की त्यातले १ मिलि काढून न्यूट्रलायझरमध्ये (औषधाचे काम तिथल्या तिथे थांबवणारे द्रावण), तिथे पाच मिनिटे, आणि मग प्लेटवर. ३० अंशांना उबवून कॉलन्या, म्हणजे जिवंत उरलेल्या जीवांपासून वाढलेले ठिपके, मोजायच्या. कॅन्डिडा दोन दिवसांत मोजता येते, ॲस्परजिलसला बहुधा तिसरा दिवस द्यावा लागतो.

१० मिलिमध्ये ८ मिलि औषध, म्हणजे चाचणीत औषधाची तीव्रता ८०% वर येते. म्हणून पाण्यात मिसळून वापरायचे उत्पादन सव्वापट तीव्र करून घेतात. जे बाटलीतून थेट वापरायचे आहे त्याच्यासाठी ९७% पर्यंत जाणारी सुधारित पद्धत आहे. स्प्रे बनवणाऱ्यांनी प्रयोगशाळेला हे आधीच सांगावे.

न्यूट्रलायझर म्हणजे काय? तो नसला तर काय बिघडते?

सगळेच बिघडते. मला पूर्ण चाचणीतली एकच गोष्ट समजावून सांगायची मुभा दिली तर मी हीच सांगेन.

समजा संपर्काची वेळ पाच मिनिटे आहे. पाच मिनिटांनी तुम्ही नमुना उचलून प्लेटवर टाकला. त्या नमुन्यात जीव आहेत आणि औषधही आहे. प्लेटवर गेल्यावर ते औषध काम थांबवत नाही, दोन-तीन दिवस अगारमध्ये बसून राहते. जे जीव पाच मिनिटांत मेले नव्हते ते आता तिथे वाढू शकत नाहीत. प्लेट स्वच्छ दिसते आणि आपण लिहितो, 'पाच मिनिटांत सर्व नष्ट'. प्रत्यक्षात ते फक्त दाबले गेलेले असतात.

क्वाटर्नरी अमोनियम संयुगांच्या (थोडक्यात 'क्वाट') बाबतीत, म्हणजे ज्याला बाजारात बीकेसी म्हणतात त्याच्यासारख्या रसायनांत, हा धोका सर्वात मोठा. ती अगदी अल्प प्रमाणातही बुरशीची वाढ रोखतात. एकदा एका क्लीनरच्या प्लेट्सवर ॲस्परजिलसची एकही कॉलनी आली नव्हती. ग्राहक खूश होता. नियंत्रण प्लेट्स पाहिल्या तर तिथेही काही नाही! म्हणजे आमचा न्यूट्रलायझर त्या औषधाला पुरा पडलेला नव्हता. तीच चाचणी मेम्ब्रेन फिल्टरने (जीव अडकवणारी अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी) केली, फिल्टरवरचे औषध धुऊन काढले आणि तिसऱ्या दिवशी फिल्टर काळ्या ठिपक्यांनी भरला. आधीचा अहवाल गेला असता तर तो खोटा गेला असता, आणि कोणाला कधी कळलेही नसते.

म्हणून प्रत्येक औषधासाठी न्यूट्रलायझर सिद्ध करावा लागतो. क्लोरीन आणि आयोडीनसाठी सोडियम थायोसल्फेट, क्वाटसाठी लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८०, ॲल्डिहाइडसाठी हिस्टिडिन. बहुतेकदा यांचे मिश्रण. सोबत तीन नियंत्रणे धावतात. पहिल्यात चाचणीची परिस्थितीच जीवांना मारत नाही ना, हे बघतात. दुसऱ्यात न्यूट्रलायझर स्वतः विषारी नाही ना. तिसऱ्यात औषध आणि न्यूट्रलायझर आधी एकत्र करून मग जीव घालतात: औषध खरेच निष्प्रभ झाले असेल तर जीव वाढले पाहिजेत. तिन्हींत मुद्दाम थोडेच जीव घेतात, मिलिमागे ३० ते १६०, आणि त्यातले निदान निम्मे प्लेटवर दिसावे लागतात. या तीन आकड्यांशिवायचा अहवाल माझ्या दृष्टीने कोरा कागद आहे.

'४ लॉग घट' म्हणजे साध्या भाषेत किती?

दहा हजारात एक उरला. १ लॉग म्हणजे दहात एक उरला, २ लॉग म्हणजे शंभरात एक, ३ लॉग म्हणजे हजारात एक. हेच ते ९९.९%. बुरशी आणि यीस्टसाठी सस्पेन्शन चाचणीत किमान ४ लॉग घट हवी, म्हणजे ९९.९९%. जिवाणूंसाठी ५ लॉग लागते.

उदाहरण घ्या. मिश्रणात सुरुवातीला मिलिमागे ३० लाख कॅन्डिडा होत्या, शेवटी १५० उरल्या. ३० लाखांना १५० ने भागले की २०,०००. त्याचा लॉग ४.३०. पास. ३,००० उरल्या असत्या तर ३ लॉग, म्हणजे नापास, आणि तरीही बाटलीवर '९९.९%' छापता आले असते. टक्केवारीत ०.०९ चा फरक कोणाच्या नजरेत भरत नाही. जिवंत उरलेल्यांच्या संख्येत तो दहापट असतो.

सस्पेन्शनमध्ये जीव इतके जास्त का घेता? खऱ्या फरशीवर कोटीभर बुरशी थोडीच असते.

कमी घेतले तर ४ लॉग सिद्धच करता येत नाही. मूळ सस्पेन्शनमध्ये मिलिमागे दीड ते पाच कोटी जीव असतात. मिश्रणात ते दहापट पातळ होऊन पंधरा ते पन्नास लाख होतात. न्यूट्रलायझरमध्ये आणखी दहापट. प्लेटवर १४ पेक्षा कमी कॉलन्या विश्वासाने मोजता येत नाहीत, म्हणून एकही कॉलनी दिसली नाही तरी 'मिलिमागे १४० पेक्षा कमी' एवढेच म्हणता येते. आता पंधरा लाखांना १४० ने भागा: दहा हजारांच्या किंचित वर, म्हणजे ४ लॉगच्या जेमतेम पलीकडे. पंधरा लाखांची खालची मर्यादा हवेतून आलेली नाही.

वरची मोजणीची मर्यादा कॅन्डिडासाठी प्लेटमागे ३३० कॉलन्या, ॲस्परजिलससाठी मात्र १६५. ॲस्परजिलस पसरतो, शेजारच्या कॉलनीत घुसतो, चौथ्या दिवशी सगळी प्लेट काळी. म्हणून त्याच्या प्लेट्स दुसऱ्या दिवसापासून बघत राहाव्या लागतात.

आम्ही कॉलेजच्या प्रकल्पात अगारमध्ये खाच पाडून जंतुनाशक भरले, भोवती मोठा स्वच्छ गोल दिसला. हे पुरेसे नाही का?

शिकण्यासाठी छान प्रयोग आहे, जरूर करा. पण त्या गोलातून वाढ थांबली एवढेच कळते. जीव मेला की नुसता थांबला, आणि मेला तर किती वेळात, हे कळत नाही. शिवाय गोलाचा आकार औषध अगारमध्ये किती पसरते यावर अवलंबून असतो. चांगले औषध न पसरल्यामुळे लहान गोल देते आणि सुमार औषध भरभर पसरून मोठा. दोन जंतुनाशकांची तुलना गोल मोजून करू नये. त्याच विद्यार्थ्यांना मी सुचवते की गोलाच्या आतल्या अगारचा तुकडा कापून न्यूट्रलायझर असलेल्या द्रवात टाका आणि तीन दिवस बघा. गढूळपणा आला तर रोखणे आणि मारणे यातला फरक डोळ्यांसमोर दिसतो.

चाचणीत 'घाण' मुद्दाम का घालता?

कारण खरी जागा घाण असते. 'स्वच्छ परिस्थिती' म्हणजे लिटरमागे ०.३ ग्रॅम गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन, 'अस्वच्छ परिस्थिती' म्हणजे ३ ग्रॅम. वैद्यकीय चाचणीत अस्वच्छ परिस्थितीसाठी त्यात मेंढीच्या लाल रक्तपेशीही घालतात. क्लोरीन प्रथिनांवरच खर्च होते आणि जीवासाठी उरत नाही. म्हणून हायपोक्लोराइट ओतण्याआधी जागा साबणाने धुऊन, साबण काढून घ्यायला सांगतो. तुमचे उत्पादन आधी धुतलेल्या जागेवर वापरायचे असेल तर स्वच्छ परिस्थिती चालेल. 'धुण्याची गरज नाही, एकाच वेळी साफ आणि निर्जंतुक' असा दावा असेल तर अस्वच्छ परिस्थितीतच पास व्हावे लागेल.

पाण्याचे तसेच. पातळ करण्यासाठी ठरावीक कठीणपणाचे पाणी घेतात, लिटरमागे सुमारे ३०० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटइतके. मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे बोअरचे पाणी याहून कितीतरी जड लागते. क्वाटर्नरी अमोनियमची ताकद जड पाण्यात घटते. कारखान्यात बोअरचे पाणी वापरत असाल तर ते तपासून घ्या, आणि औषध त्याच पाण्यात बनवून चाचणीला द्यायला अजिबात लाजू नका. आम्हाला ते आवडते.

संपर्काची वेळ कोण ठरवते?

दावा करणारा. पण ती वापराला साजेशी हवी. रुग्ण आणि कर्मचाऱ्यांचा हात वारंवार लागतो त्या पृष्ठभागांसाठी पाच मिनिटांपर्यंतचीच वेळ मान्य होते, इतर पृष्ठभागांना साठ मिनिटांपर्यंत. आता विचार करा, मे महिन्यात नागपूरच्या वॉर्डात पंखा चालू असताना पुसलेली फरशी किती वेळ ओली राहते? अहवालात १५ मिनिटे लिहिली असतील आणि फरशी तीन मिनिटांत कोरडी होत असेल, तर तो अहवाल त्या फरशीला लागू होत नाही.

तापमान साधारण २० अंश धरतात. शीतगृहात ४ अंशांना वापरायचे असेल तर ४ अंशांनाच चाचणी मागा. थंडीत बहुतेक जंतुनाशके मंदावतात.

सस्पेन्शन चाचणी पास झाली. मग पृष्ठभागावरची चाचणी पुन्हा कशाला?

द्रवात तरंगणारा जीव चहूबाजूंनी औषधात बुडालेला असतो. वाळून चिकटलेला जीव तसा नसतो. ईएन १३६९७ मध्ये २ सेंमी व्यासाच्या स्टेनलेस स्टीलच्या चकतीवर जीव आणि घाण यांचा ०.०५ मिलि थेंब वाळवतात, त्यावर ०.१ मिलि औषध सोडतात, ठरलेल्या वेळेनंतर चकती न्यूट्रलायझरमध्ये टाकून हलवतात. परीक्षा अवघड असल्याने अट थोडी सैल: बुरशीसाठी ३ लॉग. सस्पेन्शनमध्ये आरामात पास झालेली औषधे इथे आपटतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

ओल्या वाइपसाठी वेगळी चाचणी आहे, ईएन १६६१५. एका पट्टीवर चार चौकोन आखतात, पहिल्यावर जीव लावून वाळवतात आणि वजन ठेवलेल्या ठोकळ्याखाली वाइप चारही चौकोनांवरून नेऊन परत आणतात. पहिल्या चौकोनात जीव किती मेले हे बघतातच, पण उरलेल्या तिघांत किती पसरले तेही मोजतात. एकाच फडक्याने सगळा वॉर्ड पुसला तर काय होत असेल, ते त्या तीन चौकोनांत दिसते.

आमच्या फिनेलचा आरडब्ल्यू गुणांक चांगला आहे. तो दाखवून बुरशीचा दावा करता येईल का?

नाही. रिडील आणि वॉकर यांची ही पद्धत १९०३ ची. त्यात तुमच्या द्रवाची तुलना फिनॉलशी होते आणि जीव असतो टायफॉइडचा जिवाणू. गुणांक १० म्हणजे फिनॉलपेक्षा दहापट पातळ करूनही तो जिवाणू मारला. आयएस १०६१ या भारतीय मानकात फिनेलचे दर्जे या गुणांकावर ठरत आले आहेत आणि त्या कामासाठी तो उपयोगी आहे. बुरशीबद्दल मात्र तो एक अक्षरही बोलत नाही. बुरशीचा दावा करायचा तर बुरशीवर चाचणी करा.

बुरशीवर कोणते रसायन खरेच चालते?

पुरेसा डोस आणि वेळ दिली तर सोडियम हायपोक्लोराइट, पेरॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही तिन्ही ॲस्परजिलसपर्यंत पोचतात. ७०% अल्कोहोल यीस्ट पटकन मारते. बुरशीचे बीजाणू मरायच्या आत ते उडून जाते. क्वाटर्नरी अमोनियम यीस्टवर चांगले, बीजाणूंवर लंगडे. पण त्याच रसायनाची दोन उत्पादने वेगळी वागतात, कारण त्यातले साबण, सामू आणि सुगंधही परिणाम करतात. कच्च्या मालाच्या पुरवठादाराचा अहवाल तुमच्या उत्पादनाचा अहवाल होत नाही.

क्वाटबद्दल आणखी एक. सुती मॉप ते शोषून धरतो आणि साधा साबण त्याला बाद करतो. साबणाच्या बादलीतच क्वाट ओतले तर दोन्ही वाया.

'स्पोरिसायडल' लिहिले असेल तर बुरशीचे स्पोअर आलेच ना?

शब्दाने घोळ होतो. स्पोरिसायडल दावा जिवाणूंच्या बीजाणूंसाठी असतो, बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियमसारख्यांच्या. ते बुरशीच्या बीजाणूंहून कितीतरी कठीण, त्यामुळे त्याच तीव्रतेला आणि वेळेला बुरशी सहसा मरते. तरी अहवालात ॲस्परजिलस नसेल तर तो दावा छापू नये.

कॅन्डिडा अल्बिकन्स मेली म्हणजे कॅन्डिडा ऑरिसही मरेल का?

रुग्णालयांसाठी हा आजचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे. कॅन्डिडा ऑरिसचे पहिले वर्णन २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या नमुन्यावरून झाले. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान. दिल्लीतल्या रुग्णालयांतले रुग्ण २०१३ मध्ये नोंदले गेले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशींची यादी काढली, तिच्या सर्वोच्च गटात ही आहे. ती कातडीवर आणि कॉट, टेबल, बीपीच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे टिकते आणि रुग्णाला देतात त्या बऱ्याच बुरशीविरोधी औषधांना दाद देत नाही.

केवळ क्वाटर्नरी अमोनियमवर आधारलेली अनेक उत्पादने तिच्यावर कमी पडतात, अल्बिकन्सवर पास झालेली असली तरी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ऑरिसवर सिद्ध झालेल्या उत्पादनांची वेगळी 'पी' यादी ठेवली आहे, ती याच कारणाने. खरेदी समितीत बसणाऱ्यांना कळकळीने सांगते: पुरवठादाराकडे ऑरिसचाच अहवाल मागा. नसेल तर क्लोरीन किंवा पेरॉक्साइडकडे वळा. अतिदक्षता विभागातल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

२०२१ मध्ये म्युकरची साथ आली. जंतुनाशक चांगले असते तर ती टळली असती का?

फरशीच्या जंतुनाशकाला एवढे श्रेय किंवा दोष देता येत नाही. म्युकरचे बीजाणू माती, कुजलेला पाला, हवा यांत सगळीकडे असतात. ते आपण रोजच श्वासातून घेतो. महाराष्ट्रात त्या वर्षी जे घडले त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही मोठी कारणे होती. त्या दिवसांत 'ब्लॅक फंगसवर रामबाण' म्हणून स्प्रे विकले गेले. त्यांच्यामागे म्युकरवर्गीय बुरशीवरची चाचणी आहे का, हे विचारणारे थोडे होते.

आमचा औषधांचा कारखाना आहे. मानक वाणांवर पास असलेले जंतुनाशक असूनही पावसाळ्यात बुरशी सापडते. का?

पहिले, तुमच्या भिंतीवरची बुरशी एटीसीसी १६४०४ नाही. पर्यावरण तपासणीत सापडलेले पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस जपून ठेवा आणि त्यांच्यावर चाचणी करा. दुसरे, स्टीलवर पास झालेले औषध एपॉक्सीच्या फरशीवर किंवा विनाइलच्या पडद्यावर तसेच चालेल असे नाही. तुमच्याच साहित्याचे छोटे तुकडे कापून त्यांवर जीव वाळवून तपासा. तिसरे, पुठ्ठ्याची खोकी. पावसाळ्यात ओल धरलेले खोके म्हणजे बीजाणूंची पेटी. ते स्वच्छ विभागाच्या दारात उघडले तर कोणतेही जंतुनाशक तुम्हाला वाचवणार नाही.

वाइनरी आणि बेकरीसाठी काही वेगळे?

नाशिककडच्या वाइनरींना मी विचारते: तुमची अडचण टाकीत आहे की लाकडी पिंपात? टाकी स्टीलची, तिथे चकतीवरची चाचणी बऱ्यापैकी लागू पडते. ओकच्या पिंपाच्या छिद्रांत ब्रेटानोमायसेस हे यीस्ट बसले की वाइनला घोड्याच्या तबेल्यासारखा वास येतो, आणि तिथे स्टीलवरचा अहवाल काही सांगत नाही. बेकरीत पाव भट्टीतून निघताना बुरशीमुक्त असतो. थंड होताना, कापताना, बांधताना तिला पुन्हा वाट मिळते. त्यामुळे ज्या बुरशीने माल परत येतो तीच वेगळी करून प्रयोगशाळेला द्या.

अहवाल हातात आला की आधी काय पाहू?

वाणाचा क्रमांक, तीव्रता, वेळ, तापमान, घाणीची परिस्थिती, न्यूट्रलायझर आणि तिन्ही नियंत्रणांचे आकडे. मग आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही: निदान एक तीव्रता नापास झालेली दिसली पाहिजे. पद्धतीच तशी मागणी करतात. फार पातळ केल्यावरही औषध पास होत असेल तर शंका औषधाच्या थोरवीची नसते, चाचणीच्या खरेपणाची असते. प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असेल तर मान्यतेच्या व्याप्तीत हीच चाचणी आहे का, तेही बघा. मान्यता पाण्याच्या तपासणीची आणि अहवाल बुरशीचा, असेही होते.

घरातल्या भिंतीवर पावसाळ्यात काळी बुरशी येते. कोणते जंतुनाशक घेऊ?

कोकणात आणि मुंबईत हा प्रश्न जूनपासून सुरू होतो. चाचण्या होतात गुळगुळीत स्टीलवर. तुमची भिंत सच्छिद्र आहे, बुरशीचे तंतू रंगाच्या आत गेलेले आहेत. ब्लीचने वरचा काळेपणा जातो आणि पंधरा दिवसांत परत येतो, कारण ओल तशीच असते. आधी गळती आणि हवा खेळती राहण्याचे बघा, सुटलेला रंग खरवडा, मग हायपोक्लोराइट लावा. ५% द्रावण असेल तर २० मिलि घेऊन पाण्याने एक लिटर करा, म्हणजे ०.१% होते. ते त्याच दिवशी संपवा. खरवडताना तोंडाला मास्क हवा, कारण बीजाणू हवेत उडतात. घरात दमा असलेले कोणी असेल तर त्यांना त्या दिवशी दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि ब्लीचमध्ये ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनियाचा क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

नमुना किती द्यायचा आणि अहवाल किती दिवसांत मिळतो?

बाजारात जाते तशी सीलबंद बाटली द्या, बॅच क्रमांक आणि उत्पादनाच्या तारखेसह. दुसऱ्या बाटलीत काढून आणू नका. हायपोक्लोराइट असेल तर उन्हातून, गाडीच्या डिकीतून आणू नका. उष्णतेने क्लोरीन उतरते आणि मग नापास झाले म्हणून वाद होतो. बीजाणू पिकवायलाच आठवडा जातो, त्यानंतर न्यूट्रलायझरची पडताळणी, मग खरी चाचणी आणि तीन दिवसांचे उबवणे. 'परवा पाहिजे' म्हणणाऱ्याला ॲस्परजिलसचा खरा अहवाल देता येत नाही.